मनगटाचं प्लास्टर निघालं, पुढे काय?

आरोग्य प्रश्नोत्तरं : पाळी गेल्यानंतरची हाडं

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी आणि हुक्केरी या भागांतून आलेल्या पत्रांतले हाडांविषयीचे प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं मोठी होती, ती प्रश्नापुरती ठेवली आहेत. नावं छापलेली नाहीत.

श्रावणात अंगणातल्या शेवाळावरून पाय घसरला, हात टेकला आणि उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, हात आता चालतो. महिनाभराच्या कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या, त्याही संपल्या. वय ५८, पाळी जाऊन नऊ वर्षं झाली. आणखी काही करायला हवं का?
*– वाचक भगिनी, खानापूर तालुका*

हवं. मनगट जुळलं, पण ते एवढ्याशा पडण्याने मोडलं कसं, हा प्रश्न तसाच राहिला आहे.

उभ्याने घसरून पडल्यावर धडधाकट हाड सहसा मोडत नाही. पन्नाशीनंतर असं मोडलं, तर हाड ठिसूळ झालं असावं असं धरूनच पुढे जायचं असतं. एकदा असं हाड मोडलेल्या बाईचं दुसरं हाड मोडण्याचा धोका साधारण दुप्पट होतो आणि पहिल्या दोन वर्षांत तो सर्वांत जास्त असतो. म्हणून ही दोन वर्षं वाया घालवू नका.

आत काय घडतं ते थोडक्यात सांगतो. मातीच्या घराची भिंत पोपडे निघतील तिथे खरवडून पुन्हा लिंपावी लागते, तसं हाडाचं आयुष्यभर चालू असतं. काही पेशी जुनं हाड खरवडतात, काही नवं भरतात. खरवडणाऱ्या पेशींना आवर घालण्याचं काम इस्ट्रोजेन हे संप्रेरक करतं. पाळी गेली की ते घटतं. मग खरवडणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच ते सात वर्षांत हाडाचा २० टक्क्यांपर्यंत भाग जाऊ शकतो. जाळीदार हाड आधी विरळ होतं, आणि ते मनगटाच्या टोकाला आणि मणक्यांत भरपूर असतं. म्हणून पन्नाशीत मनगट, साठीत मणका आणि सत्तरीनंतर खुबा, असा क्रम बऱ्याच बायकांत दिसतो. तुम्ही पहिल्या पायरीवर आहात. इथे उपचार सुरू केले, तर पुढच्या दोन्ही पायऱ्या टाळता येण्याची शक्यता चांगली आहे.

करायचं ते असं. डेक्सा नावाची तपासणी करून घ्या. त्यात कमरेचे मणके आणि खुबा यांची घनता मोजतात. टेबलावर १०-१५ मिनिटं आडवं पडायचं असतं, सुई नसते, किरणांचं प्रमाण अगदी कमी असतं. तालुक्याच्या गावी ही सोय सहसा नसते, बेळगावातल्या मोठ्या रुग्णालयांत विचारा. सोबत रक्ताच्या तपासण्या : कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, क्रिएटिनीन, ड जीवनसत्त्व, थायरॉइड आणि हिमोग्लोबिन. थायरॉइड ग्रंथीने गरजेपेक्षा जास्त काम करणं, मूत्रपिंडाचा आजार, आतड्यातून अन्न नीट न शोषलं जाणं, अशा कारणांनीही हाड झिजतं आणि ती कारणं आधी धरावी लागतात. घरात आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता का, दम्यासाठी किंवा सांधेदुखीसाठी स्टिरॉइडच्या गोळ्या तीन महिने किंवा त्याहून जास्त घेतल्या का, हे डॉक्टरांनी विचारलं नाही तरी त्यांना सांगा. गुडघ्यासाठी कुणी बिननावाच्या पुड्या दिल्या असतील, तर त्यांचाही उल्लेख करा. अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं आढळतं. त्या बरेच महिने घेतल्या असतील, तर स्वतःहून एकदम बंदही करू नका, त्याने जिवावर बेतू शकतं. डॉक्टर त्या हळूहळू कमी करतात.

नुसतं कॅल्शियम महिनाभर घेणं हा ठिसूळ हाडाचा उपचार होत नाही. ते कच्चा माल पुरवतं, खरवडणं थांबवत नाही.

आमच्या गावात शिबिर झालं. टाच यंत्रात ठेवून तपासली आणि कागदावर ‘उणे १.९, ऑस्टिओपेनिया’ लिहून दिलं. माझे गुडघे फार दुखतात. हा तोच आजार का? वय ५२.
*– निपाणी*

गुडघेदुखी वेगळी. ती बहुतेक वेळा सांध्यातली कुर्चा झिजल्यामुळे असते. ठिसूळपणा मात्र हाड मोडेपर्यंत दुखत नाही. त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून हाड ठिसूळ, किंवा काहीच दुखत नाही म्हणून हाड मजबूत, हे दोन्ही अंदाज चुकतात.

टाचेचं यंत्र ध्वनिलहरींवर चालतं. ते चाळणी म्हणून ठीक आहे, पण त्यावरून निदान करायचं नसतं आणि औषध तर मुळीच सुरू करायचं नसतं. निदानाचा आकडा डेक्साचा. तरुण, निरोगी स्त्रीच्या सरासरीशी तुलना करून तो काढतात आणि त्याला टी-स्कोअर म्हणतात. उणे १ किंवा त्याहून वर असला तर ठीक. उणे १ आणि उणे २.५ यांच्या मधला म्हणजे विरळ व्हायला लागलेलं हाड, ऑस्टिओपेनिया. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे ठिसूळ हाड. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली या रेषा आखल्या.

तुमचं वय ५२ आहे. आधी हाड मोडलेलं नसेल, स्टिरॉइड नसेल, वजन फार कमी नसेल आणि पाळी वेळेवर गेली असेल, तर घाई नाही. आहार आणि व्यायाम सुरू करा. मोडलेलं हाड, स्टिरॉइड, फार कमी वजन किंवा लवकर गेलेली पाळी, यांपैकी एक जरी गोष्ट असेल, तर डेक्सा आत्ता करा.

एक गोष्ट सीमाभागातल्या लोकांना मुद्दाम सांगावीशी वाटते. आपल्याकडे एक तपासणी बेळगावला, दुसरी कोल्हापूरला आणि तिसरी मिरजेला होते. डेक्साच्या बाबतीत तसं करू नका. प्रत्येक यंत्राचा आकडा थोडा वेगळा येतो. दोन वर्षांनी हाड वाढलं की घटलं, हे त्याच यंत्रावर पुन्हा तपासलं तरच नीट कळतं. जुना रिपोर्ट चित्रासकट जपून ठेवा, नुसता आकडा लिहिलेली चिठ्ठी उपयोगाची नाही. वय वाढलं की कमरेच्या मणक्यांना काटे फुटतात आणि त्यामुळे तिथला आकडा खोटा चांगला दिसतो. सत्तरीनंतर खुब्याच्या आकड्याकडे जास्त लक्ष द्यायचं.

दूध मला चहापुरतंच चालतं. दोन्ही वेळ ज्वारीची भाकरी, आमटी, भाजी असं भरपेट जेवते. तरी कॅल्शियम कमी पडतं म्हणतात. नाचणी खाऊन भागेल का? जाऊबाई पानाबरोबर रोज चुना खातात आणि मलाही खा म्हणतात.
*– हुक्केरी तालुका*

ज्वारी चांगलं धान्य आहे, पण कॅल्शियमच्या बाबतीत हात आखडता आहे. १०० ग्रॅम ज्वारीत जेमतेम २५ ते ३० मिलिग्रॅम, तांदळात त्याहूनही कमी. नाचणीत तेवढ्याच वजनात सुमारे ३५० मिलिग्रॅम असतं. पाळी गेलेल्या बाईची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या तक्त्यात १,२०० मिलिग्रॅम धरली आहे. म्हणजे भरपेट जेवूनही कॅल्शियम निम्म्याखाली राहू शकतं.

हिशेब घरच्या भांड्यांत मांडू. नाचणीच्या दोन मध्यम भाकऱ्या, म्हणजे साधारण १०० ग्रॅम पीठ : ३५०. दोन वाट्या दही, किंवा तेवढ्या दह्याचं न गाळलेलं ताक, साधारण ३०० ग्रॅम : ३५० ते ४००. भाजलेले तीळ दोन चमचे, १० ग्रॅम : १२० च्या आसपास. शेवग्याचा पाला मूठभर, ५० ग्रॅम : १५०. हुलगे पाऊण वाटी, ५० ग्रॅम कोरडे : १३०. बेरीज १,१०० च्या पुढे जाते आणि उरलेलं इतर भाजी-आमटीतून येतं. दूध पचत नसलेल्यांना दही-ताक बहुधा पचतं, कारण विरजणात दुधातली साखर कमी झालेली असते.

नाचणीतलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, कारण तिच्यातलं फायटेट ते बांधून ठेवतं. मोड आणले किंवा आंबवलं की फायटेट कमी होतं. म्हणून रात्री पीठ ताकात कालवून सकाळी शिजवलेली आंबील नुसत्या भाकरीपेक्षा सरस. खानापूरच्या डोंगरपट्ट्यात आंबिलीची सवय अजून आहे, ती मोडू देऊ नका. पालकातलं कॅल्शियम मात्र ऑक्झलेटमुळे जवळजवळ निरुपयोगी ठरतं, पालक लोहासाठी आणि चवीसाठी खा. तीळ सालीसकट असले तर त्यातलंही थोडं अडकतं, भाजून कुटून घेतले की बरं. कारळ्याची किंवा जवसाची चटणी ताटात असतेच, ती असू द्या, पण मीठ बेतानं. मीठ जास्त झालं की लघवीवाटे कॅल्शियम वाहून जातं. पापड, लोणचं आणि खर्डा तिन्ही एकाच जेवणात नकोत.

हाडाचा सांगाडा प्रथिनांचा असतो, हे विसरलं जातं. वजन ५० किलो असेल तर रोज ५० ग्रॅमच्या आसपास प्रथिनं हवीत. आमटीचं नुसतं वरचं पाणी त्यासाठी पुरत नाही. घट्ट वरण, हुलगे, मटकी, अंडं, मासे, दही, जे चालत असेल ते दोन्ही जेवणांत ठेवा. संध्याकाळी भात आणि कट एवढ्यावर उठणाऱ्या सासवा घरोघरी आहेत. त्यांच्या ताटाकडे सुनांनी लक्ष द्यावं.

चुना नको. त्यात कॅल्शियम असतं हे खरं, पण तो दाहक आहे, तोंडाची आतली कातडी भाजतो आणि बोटावर किती आला याला माप नाही. सुपारी-तंबाखूबरोबर तो तोंडाच्या कर्करोगाची वाट सोपी करतो. जाऊबाईंनाही हे सांगा.

कॅल्शियमने मुतखडा होतो ही भीती जेवणातल्या कॅल्शियमला लागू नाही. जेवणातलं कॅल्शियम मुतखडा बनवणाऱ्या ऑक्झलेटला आतड्यातच धरून ठेवतं. गोळ्या उपाशीपोटी आणि गरजेपेक्षा जास्त घेतल्या, तर मात्र धोका वाढू शकतो. आहारातून ७०० मिळत असेल तर ५०० ची एक गोळी पुरते. कॅल्शियम कार्बोनेट जेवणाबरोबर घ्यायचं, कारण ते विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. ॲसिडिटीची गोळी रोज चालू असेल तर कॅल्शियम सायट्रेट चांगलं. एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवा, लोहाच्या गोळीत दोन तासांचं. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जनऔषधी दुकानात स्वस्त मिळतात.

दिवसभर शेतात असते, ऊन अंगावर घेते. तरी ड जीवनसत्त्व १२ आलं. मेडिकलवाल्याने पुड्या दिल्या, मी रोज एक अशा दहा घेतल्या. आता मळमळतं.
*– चिकोडी तालुका*

पुड्या आजच थांबवा. दवाखान्यात जाऊन रक्तातलं कॅल्शियम आणि क्रिएटिनीन तपासून घ्या. तहान फार लागणं, लघवी वारंवार होणं, शौचाला घट्ट होणं, गुंगी येणं यांपैकी काही असेल तर उद्यावर टाकू नका.

ती पुडी ६०,००० युनिटची असते आणि आठवड्यातून एक घ्यायची असते. साधारणपणे आठ आठवडे, नंतर डॉक्टर सांगतील तशी महिन्याला एक. दुधातून किंवा तेल-तूप असलेल्या जेवणानंतर घेतली की नीट शोषली जाते. इतर पुड्या रोज घेतात म्हणून हीही रोज, ही चूक आम्हाला वारंवार दिसते. पुडीवर वार लिहून ठेवायचा. एकदम मोठं इंजेक्शन घेऊन वर्षाची कटकट मिटवावी, असंही काहींना वाटतं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात वर्षातून एकदा ५ लाख युनिट घेणाऱ्या वयस्क स्त्रियांचं पडणं आणि हाडं मोडणं उलट वाढलं होतं.

उन्हात असूनही ड कमी का? शेतात जाताना साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि डोक्याला फडकं असतं. ऊन कापडावर पडतं, कातडीवर नाही. दुपारी अकरा ते दोनच्या मध्ये, आठवड्यातून तीन-चार दिवस, हात आणि पोटऱ्या उघड्या ठेवून वीस-तीस मिनिटं बसा. कोवळ्या सकाळच्या उन्हात ड तयार करणारे किरण फार कमी असतात. काचेच्या खिडकीतून ते येतच नाहीत. खानापूर, जोयडा भागात पावसाळ्याचे चार महिने ढगांत जातात, तेव्हा पुडीचाच आधार.

ठिसूळ हाडांची आठवड्याची गोळी सुरू केली. दोनदा घेतली, छातीत फार जळजळलं. बंद करू का? आईने ‘या गोळीने जबडा कुजतो’ असं ऐकलंय.
*– निपाणी*

आधी गोळी घेण्याची रीत तपासून पाहू, जळजळ बहुधा तिथूनच येते.

तुमची गोळी ॲलेन्ड्रोनेट असावी, ती हाडाचं खरवडणं रोखते. ७० मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा. गावच्या बाजाराचा दिवस ठरवा म्हणजे विसर पडत नाही. सकाळी उठल्यावर, चहाच्याही आधी, उभं राहून किंवा ताठ बसून, भरलेला पेला साधं पाणी घेऊन अख्खी गिळायची. चघळायची नाही, घोटभर पाण्यावर तर नाहीच. नंतर अर्धा तास पाण्याशिवाय काही नाही : चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही, कॅल्शियम तर बिलकूल नाही. नाहीतर गोळी शोषलीच जात नाही. त्या अर्ध्या तासात आडवं व्हायचं नाही आणि खाली वाकायचंही नाही. केर काढणं, जमीन पुसणं नंतर. गोळी अन्ननलिकेत अडकली किंवा पोटातून वर आली तर तिथे चट्टा पडतो, जळजळ त्याचीच. एखादा आठवडा चुकला तर आठवण आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक घ्या आणि पुढे ठरलेला वार धरा. एका दिवशी दोन कधीच नाही.

जळजळ थांबेपर्यंत पुढची गोळी घेऊ नका आणि डॉक्टरांना कळवा. गिळायला त्रास होत असेल, अन्ननलिका अरुंद असेल किंवा अर्धा तास ताठ बसता येत नसेल, तर ही गोळी तुमच्यासाठी नाही. तेव्हा झोलेड्रोनिक ॲसिड ५ मिलिग्रॅम वर्षातून एकदा सलाइनमधून देतात. ते किमान १५ मिनिटांत, सावकाश जायला हवं. आधी दोन पेले पाणी प्या. पहिल्या डोसनंतर एक ते तीन दिवस ताप आणि अंगदुखी येऊ शकते, पॅरासिटामॉलने भागतं. ड जीवनसत्त्व आधी भरून काढलेलं असावं, नाहीतर रक्तातलं कॅल्शियम एकदम घसरतं. मूत्रपिंडाच्या कामाचा आकडा (क्रिएटिनीन क्लिअरन्स) मिनिटाला ३५ मिलिलिटरच्या खाली असेल, तर ही दोन्ही औषधं टाळतात.

जबड्याचं. हाड उघडं पडणं हे खरं आहे, पण ठिसूळ हाडांसाठीच्या या मात्रेत फार विरळ. ते बहुतेक वेळा दात काढल्यावर होतं, म्हणून दातांची कामं आधी उरकायची. निपाणी भागात हे जास्त महत्त्वाचं आहे, कारण मशेरी लावणाऱ्या बायकांच्या हिरड्या सुजलेल्या आणि दात हललेले असतात. काढायचे दात काढून, जखम भरल्यावर औषध सुरू करा. मशेरी सोडली तर तोंडाचा सगळाच धोका कमी होतो. विडी-सिगारेट ओढणं हाडांना थेट मारक आहे.

गोळी साधारण पाच वर्षं किंवा सलाइन तीन वर्षं झाल्यावर थांबून पुन्हा तपासतात. दरम्यान मांडीत किंवा जांघेत नवं, टोचणारं दुखणं सुरू झालं तर एक्स-रे काढून घ्या. मांडीच्या हाडाला क्वचित वेगळ्या प्रकारची चीर जाते.

दर सहा महिन्यांनी पोटात घ्यायचं इंजेक्शन चालू होतं. बरं वाटतंय म्हणून या वेळचं घेतलं नाही, आठ महिने झाले.
*– बेळगाव*

हे डेनोसुमॅब असावं. याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. हे इंजेक्शन मध्येच सोडलं की दाबून धरलेलं खरवडणं एकदम उसळतं आणि एकापाठोपाठ एक मणके दबू शकतात. ते थांबवायचंच असेल तर दुसऱ्या औषधाची साथ लावून थांबवतात.

३६ व्या वर्षी गर्भपिशवी काढली. आता ४३. हाडांची तपासणी आताच करावी का?
*– अथणी तालुका*

तेव्हाचा डिस्चार्जचा कागद शोधा आणि बीजकोशही काढले होते का ते बघा. कागद कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत असला तर वाचून घ्या, यावर सगळं अवलंबून आहे. दोन्ही बीजकोश काढले असतील, तर शरीरासाठी पाळी ३६ व्या वर्षीच गेली आणि हाड सात वर्षं उतरणीला लागलं आहे. डेक्सा आताच करा. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, यकृताचा आजार असं काही नसेल, तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत संप्रेरकं घ्यावीत का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांशी बोला. या वयात त्याचा फायदा सहसा तोट्यापेक्षा जास्त असतो. बीजकोश ठेवले असतील तरी पाळी थोडी लवकर जाऊ शकते, आणि पिशवी नसल्यामुळे ती गेल्याचं कळत नाही. अंगातून वाफा येणं, रात्री घाम सुटणं यावर लक्ष ठेवा.

एस.टी.त मागच्या सीटवर बसले होते. हंपवर गाडी आदळली आणि पाठीत चमक भरली. दोन महिने झाले, आता थोडं वाकून चालते. घागर उचलू का? व्यायाम कोणता?
*– वय ६६, संकेश्वर*

पाठीचा बाजूने एक्स-रे काढा. ठिसूळ मणका असा एका आदळण्याने दबतो आणि दोन-तीन महिन्यांत दुखणं ओसरतं, म्हणून ‘उसण भरली होती’ असं समजून सोडून दिलं जातं. तरुणपणापेक्षा उंची चार सेंटिमीटरने कमी झाली असेल, किंवा भिंतीला टाचा आणि पाठ लावून उभं राहिल्यावर डोकं भिंतीला टेकत नसेल, तर संशय बळावतो. मणका दबलेला निघाला, तर डेक्साचा आकडा काहीही असो, हाडाचं औषध सुरू करायचं. पायांत मुंग्या, कमजोरी किंवा लघवी-शौचावरचा ताबा सुटणं असेल, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

भरलेली घागर डोक्यावरही नको, कमरेवरही नको. पाणी अर्ध्या कळशीने, दोन हातांत सारखं वाटून न्या. खालची वस्तू घेताना पाठ गोल करून वाकू नका, गुडघे मोडून बसा आणि वस्तू पोटाजवळ धरून उठा. जमीन लांब दांड्याच्या पोछ्याने पुसा. बसमध्ये पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली सीट घ्या. मोटारसायकलवर एका बाजूला पाय टाकून बसणं सोडा. योगवर्गात पायाची बोटं धरायला लावणारी, पुढे वाकायची आणि पाठ पिळायची आसनं तुम्हाला वर्ज्य.

दुखणं उतरल्यावर हे करा. भिंतीला पाठ लावून हनुवटी आत ओढायची, खांदे मागे, पाच मोजेपर्यंत धरायचं, दहा वेळा. ओट्याला धरून टाचा उचलायच्या, दहा वेळा, दिवसातून दोनदा. खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि सावकाश बसायचं, आठ-दहा वेळा. ओट्याला बोट टेकून एका पायावर दहा सेकंद, मग दुसऱ्या. चालणं चांगलंच आहे, पण नुसत्या चालण्याने तोल सुधारत नाही, म्हणून हे चार व्यायाम वेगळे.

सासूबाई ७४ वर्षांच्या. रात्री न्हाणीत जाताना दोनदा पडल्या, सुदैवानं लागलं नाही. घरात काय बदलू? आणि पडून खुबाच मोडला तर काय करायचं?
*– बेळगाव तालुका*

दोनदा पडल्या, म्हणजे तिसऱ्यांदा पडण्याची शक्यता मोठी आहे. आधी एक चाचणी करा. हात छातीवर ठेवून खुर्चीवरून ३० सेकंदांत किती वेळा उठता येतं ते मोजा. त्यांच्या वयात दहापेक्षा कमी झालं, तर पायांत ताकद कमी आहे. वरचा खुर्चीचा व्यायाम त्यांना लागू, फक्त बाजूला कुणीतरी उभं राहायचं.

मग त्यांच्या खाटेपासून न्हाणीपर्यंत रात्री अकराला, दिवे बंद करून, तुम्ही स्वतः चालून बघा. पाय कुठे अडतो ते कळेल. वाटेत मंद दिवा रात्रभर चालू ठेवा आणि लाइट जाते म्हणून उशीजवळ बॅटरी. उंबऱ्याला पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा मारा. दाराशी पसरलेलं गोणपाट घसरतं, ते उचला. न्हाणीतल्या गुळगुळीत शहाबादी फरशीवर पकडीची रबरी चटई टाका, साबणाचं पाणी साचू देऊ नका. भिंतीत लोखंडी आडवी पकड जमिनीपासून साधारण ८० ते ९० सेंटिमीटर उंचीवर पक्की बसवा. टॉवेलची दांडी ही पकड नव्हे, ती वजनाने उखडते. उकिडवं बसायच्या संडासात प्लास्टिकचं कमोड स्टूल ठेवा. पावसाळ्यात अंगणातलं शेवाळ आठवड्यातून एकदा ब्लीचिंग पावडर टाकून घासा. झिजलेल्या स्लिपर फेकून द्या. साडी घोट्याच्या वर असू द्या.

रात्री दोन-तीन वेळा का उठावं लागतं हेही बघा. लघवी वाढवणारी रक्तदाबाची गोळी संध्याकाळी घेत असतील, तर ती सकाळी घेता येईल का ते डॉक्टरांना विचारा. झोपेची गोळी असेल तर तीही दाखवा. झोपून उठताना आधी खाटेच्या कडेला मिनिटभर बसायचं, मग उभं राहायचं. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रिया ‘पुढच्या वर्षी’ नको.

खुबा मोडला तर पाय आखूड दिसतो, बाहेरच्या बाजूला वळतो आणि उचलता येत नाही. त्यांना उभं करून बघू नका. चोळू नका, तेल लावू नका, हाड बसवणाऱ्याकडे नेऊ नका. दोन्ही पायांच्या मध्ये उशी ठेवून पाय सैलसर बांधा, १०८ ला फोन करा, फळीवर किंवा खाटेसकट हलवा. शस्त्रक्रिया शक्यतो ४८ तासांच्या आत व्हावी. उशीर होईल तसा न्यूमोनिया, पाठीवरचे व्रण आणि पायात रक्ताच्या गुठळ्या यांचा धोका चढत जातो. ‘वय झालंय, आता कशाला ऑपरेशन’ हे घरच्यांचं वाक्य बाईला कायमचं अंथरुणाला खिळवतं. शस्त्रक्रिया वेदना थांबवण्यासाठी आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभं करण्यासाठीच असते. बीपीएल रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. रेशनकार्ड आणि आधार यांच्या प्रती एका पिशवीत आताच ठेवा. मिरज-कोल्हापूरला नेण्याचा विचार असेल, तर तुमचं कार्ड तिथे चालतं का हे निघण्यापूर्वी फोनवर विचारा.

आणि घरी सोडताना एक प्रश्न जरूर विचारा : हाडाचं औषध कधी सुरू करायचं? खुब्याची शस्त्रक्रिया झाल्यावर तीन महिन्यांच्या आत झोलेड्रोनिक ॲसिड दिलेल्या रुग्णांत नव्याने हाड मोडणं ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले, असं २००७ च्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवडे थांबून ते देतात. टाके काढायला जाल, त्याच दिवशी ही तारीख कागदावर लिहून घ्या.